प्रागची ती बाल्कनी आणि गेन्शर नावाचा माणूस

मुक्कामपोस्ट

गेल्या महिन्यात प्रागला जाणं झालं. चार्ल्स पूल ओलांडून माला स्त्रानाच्या बाजूने वर चढलं की एका गल्लीत जर्मन वकिलात लागते, लोबकोविच महाल. समोरून पाहिलं तर प्रागमधल्या इतर दहा महालांसारखाच. पण वळसा घालून मागे गेलो. बागेच्या कुंपणाच्या गजांतून हिरवळीवर चार पायांवर उभी असलेली एक ट्राबांट, म्हणजे पूर्व जर्मनीतली ती छोटी गाडी, दिसली (डेव्हिड चेर्नी यांचं शिल्प), आणि तिच्या पलीकडे महालाची मागची बाजू. मधोमध ती बाल्कनी.

३० सप्टेंबर १९८९, संध्याकाळचे सात वाजायला दोन मिनिटं कमी. पूर्व जर्मनीतून पळून आलेले हजारो लोक या बागेत तंबू ठोकून चिखलात राहत होते. पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर बाल्कनीत आले आणि म्हणाले, "आम्ही तुमच्याकडे आलो आहोत ते हे सांगायला, की आज तुमचं प्रस्थान..." पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. खाली एकच जल्लोष झाला.

परत आल्यावर हे सगळं ऑफिसात एका निवृत्तीला आलेल्या जर्मन सहकाऱ्याला सांगितलं. हा डॉर्टमुंडचा, घरात तीन पिढ्या खाणकामगार. तो म्हणाला, "ते दृश्य टीव्हीवर लागलं की आजही माझ्या डोळ्यांत पाणी येतं. पण १९८२ मध्ये त्याच माणसाने श्मिटना दगा दिला, ते मी विसरलेलो नाही." (हेल्मुट श्मिट तेव्हा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख होते. गेन्शर यांच्या पक्षाने त्यांची साथ सोडली.)

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी लिहावं. या माणसाच्या कारकिर्दीकडे तुम्ही कसं बघता?

---

राईनकाठी

धाग्याबद्दल आभार. मी बॉनजवळ (पश्चिम जर्मनीची तेव्हाची राजधानी) पंचवीस वर्षं राहतोय, आणि गेन्शर शेवटपर्यंत इथून जवळच, वाख्टबेर्गला राहत. त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

बाल्कनीपासून नको, थोडं मागून सुरू करू. जन्म २१ मार्च १९२७, हॅले शहराजवळच्या राइडेबुर्गचा. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. शाळकरी वयात विमानविरोधी तोफांवर मदतनीस, मग युद्धाच्या अखेरीला सैन्यात आणि पुढे युद्धकैदी. सुटून घरी आले तोवर हॅले सोव्हिएत अंमलाखाली गेलेलं. त्यातच क्षय झाला. पुढची दहाएक वर्षं आजार उलटत राहिला. सगळे मुक्काम मिळून साडेतीन वर्षं रुग्णालयात आणि आरोग्यधामात गेली. कायद्याचं शिक्षण त्यातूनच, हॅले आणि लाइपत्सिशला. १९५२ मध्ये पश्चिम बर्लिनमार्गे पलीकडे निघून ब्रेमेनला आले.

म्हणजे १९८९ मध्ये बाल्कनीत उभा असलेला माणूस स्वतःच सदतीस वर्षांपूर्वीचा निर्वासित होता. आणि तो हॅलेचा हेल त्यांच्या बोलण्यातून कधी गेला नाही. बागेतल्या लोकांना तो आवाज आपल्याकडचा वाटला असणार. मला तरी त्या दृश्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

---

बटाटावडा

जर्मनीत त्यांच्यावर एक विनोद होता. अटलांटिकवर दोन विमानांची टक्कर होते. दोन्ही विमानांत गेन्शर असतात.

:-)

---

पेठकर

जवळजवळ सलग १८ वर्षं परराष्ट्रमंत्री! १९७४ ते १९९२. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले तेही १९७४ मध्येच. त्यांच्यानंतर वाजपेयी, नरसिंह राव, गुजराल आणि मधले कितीतरी येऊन गेले, तरी बॉनच्या खुर्चीत गेन्शरच. एवढा काळ माणूस टिकला की समोरच्या देशांना त्याच्या शब्दाची किंमत कळते.

---

तळटीप

माझा सूर जरा वेगळा लागेल.

परराष्ट्रमंत्रिपद त्यांच्याकडे कसं आलं ते बघा. १९६९ पासून ते चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या सरकारात गृहमंत्री होते. देशांतर्गत गुप्तचर यंत्रणा त्यांच्या खात्याखाली. ब्रांट यांच्या कार्यालयातला ग्युंटर गियोम हा पूर्व जर्मनीचा हेर असल्याचा संशय मे १९७३ मध्ये गेन्शर यांनीच ब्रांटना सांगितला. मग? पुरावा गोळा व्हावा म्हणून त्याला जागेवर राहू दिलं. त्या उन्हाळ्यात हा माणूस चॅन्सेलरबरोबर नॉर्वेला सुट्टीवर गेला आणि गोपनीय तारा त्याच्या हातांखालून गेल्या! अटक झाली ती एप्रिल १९७४ मध्ये. मे महिन्यात ब्रांट यांनी राजीनामा दिला.

आणि ज्यांच्या खात्यात हे घडलं ते गृहमंत्री? त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री आणि उपचॅन्सेलर.

त्याआधी १९७२ चं म्युनिक ऑलिंपिक. अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. सुटकेचा प्रयत्न इतका ढिसाळ होता की वाचवत नाही. देशाचे गृहमंत्री तेच होते.

---

राईनकाठी

@तळटीप, गियोम प्रकरणाबद्दल बरंचसं सहमत. म्युनिकबद्दल मात्र अर्धंच लिहिलंत.

त्या दिवशी गेन्शर स्वतः कॉनोलीश्ट्रासवरच्या त्या इमारतीत गेले होते. ओलिसांना भेटले. खेळाडूंच्या बदल्यात मला घ्या, असं त्यांनी अपहरणकर्त्यांना सांगितलं. ते मानलं गेलं नाही. कारवाईची सूत्रं बव्हेरियाच्या पोलिसांकडे होती, कारण इथे पोलीस हा राज्यांचा विषय. संघराज्याकडे असं विशेष दल नव्हतंच. ते त्यांनी त्याच महिन्यात उभं करायला घेतलं. तेच जीएसजी ९, ज्याने १९७७ मध्ये मोगादिशूला अपहृत विमानातले सगळे ओलीस सोडवले.

तुम्ही म्हणता तसं अपयश होतंच. पण त्या माणसाने ते अंगावर घेतलं.

---

सुगरण

मी लाइपत्सिशला राहते. राजकारणातलं मला फार कळत नाही, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्या बागेत होत्या, म्हणून लिहिते. नाव देत नाही.

त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची. नवरा आधीच हंगेरीमार्गे गेलेला. या प्रागपर्यंत ट्राबांटने आल्या आणि गाडी वकिलातीजवळच्या रस्त्यात किल्लीसकट सोडून दिली. अशा सोडलेल्या गाड्यांच्या तिथे रांगाच्या रांगा होत्या म्हणे. बागेचं कुंपण उंच. आत असलेल्या कोणीतरी वरून हात दिला, आधी मुलगी पलीकडे गेली, मग या.

आत काय हाल! पावसाने नुसता रबरबाट. तंबू कमी पडायचे म्हणून महालाच्या जिन्यावर लोक पायरी वाटून घेऊन झोपायचे, तेही पाळीने. शौचालयासाठी रांग, सूपसाठी रांग. आजींना आजही मसूरचं सूप चालत नाही.

त्या सांगतात, बाल्कनीतलं वाक्य ऐकू आलं नाही हे खरंच. पण आनंद ओसरल्यावर एक कुजबूज सुरू झाली. गाड्या पूर्व जर्मनीतूनच जाणार, हे कळलं. ड्रेस्डेनवरून. ज्या देशातून जीव मुठीत धरून पळालो, त्याच देशातून बंद डब्यात बसून परत जायचं? कित्येक जण मागे सरले. तेव्हा गेन्शर यांनी शब्द दिला की प्रत्येक गाडीत आमचे अधिकारी तुमच्यासोबत बसतील. मी स्वतः जबाबदार आहे. आजी म्हणतात, "मी त्या माणसाला ओळखत नव्हते. पण तो आमच्यासारखा बोलत होता, म्हणून मी गाडीत बसले."

वाटेत पूर्व जर्मनीच्या माणसांनी ओळखपत्रं काढून घेतली. लोकांनी खिडकीतून तिथली नाणी फेकली, घराच्या किल्ल्या फेकल्या. यांनी नाणी फेकली, किल्ली ठेवली. पहाटे गाडी बव्हेरियात होफ स्टेशनला लागली तेव्हा फलाटावर लोक केळी आणि लहान मुलांसाठी खेळणी घेऊन उभे होते.

---

बटाटावडा

सुगरण, काटा आला अंगावर. वाचनखूण साठवली.

---

मुक्कामपोस्ट

सुगरण ताई, मनापासून आभार. मी कुंपणाच्या ज्या बाजूला उभा होतो तिथूनच त्या आत गेल्या असतील, या विचाराने कसंतरी होतंय.

---

जुनाजाणता

तेव्हा मी बँकेत होतो आणि रात्री रेडिओवर बातम्या ऐकायचा नाद होता. प्रागची बातमी येण्याआधी आठवडाभर न्यूयॉर्कहून बातम्या येत होत्या. संयुक्त राष्ट्रांची आमसभा चालू होती, तिथे गेन्शर सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे, पूर्व जर्मनीचे आणि चेकोस्लोव्हाकियाचे मंत्री, सगळ्यांना एकेक करून गाठत होते. आणि हे लक्षात घ्या, जुलैमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

शेवर्दनाद्झे यांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. जून १९९० मध्ये दोघे ब्रेस्टला भेटले. ब्रेस्टचा किल्ला म्हणजे १९४१ मध्ये जर्मन फौजा सोव्हिएत संघात घुसल्या ती जागा. शेवर्दनाद्झे यांचा थोरला भाऊ तिथेच मारला गेला होता. दोघे मिळून त्याच्या थडग्याशी गेले, फुलं ठेवली.

एकीकरणाच्या वाटाघाटी ऐन गुंत्यात होत्या तेव्हाची ही गोष्ट. एकत्र झालेला जर्मनी नाटोत राहणार की नाही, हा प्रश्न अडला होता. ज्याच्या भावाला आपल्या देशाच्या फौजेने मारलं, त्याच्यासोबत त्याच थडग्यापाशी उभं राहायचं आणि मग टेबलाशी बसून बोलायचं. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच, असं मी तरी मानतो. सप्टेंबर १९९० मध्ये मॉस्कोत दोन अधिक चार करारावर (दोन जर्मनी आणि चार विजेती राष्ट्रं यांच्यातला एकीकरणाचा करार) सह्या झाल्या.

---

अनुस्वार

पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकले आणि नंतर वीस वर्षं शिकवली. एका शब्दाबद्दल लिहिते, कारण मूळ धाग्यातला पेच मला त्या शब्दात दिसतो.

वेंडे. म्हणजे वळण.

आज जर्मन माणूस "डी वेंडे" म्हणतो तेव्हा त्याला १९८९ अभिप्रेत असतं. भिंत पडली, पूर्व जर्मनी संपला, ते वळण. पण त्याआधी सात वर्षं हाच शब्द १९८२ साठी चालत होता. गेन्शर यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये आपल्या पक्षाला पत्र लिहिलं, त्यात आता वळण हवं असं म्हटलं होतं. त्या पत्राला तिकडे "वेंडेचं पत्र" म्हणूनच ओळखतात. वर्षभराने त्यांच्या पक्षाने श्मिटना सोडून विरोधी पक्षाचे हेल्मुट कोल यांना चॅन्सेलर केलं, त्यालाही वेंडेच.

मुक्कामपोस्ट, तुमच्या सहकाऱ्याच्या मनात दोन्ही वेंडे एकाच माणसाच्या नावावर आहेत. एक विसरून दुसरं लक्षात ठेवणं त्याला जमत नाही, आणि ते मला समजतं.

---

कलम६७

(आयडी या धाग्यासाठीच घेतला होता की काय असं वाटेल, पण जुना आहे.)

१९८२ समजायचं तर जर्मन राज्यघटनेतलं कलम ६७ समजायला हवं. तिथे नुसता अविश्वास ठराव आणून चॅन्सेलर पाडता येत नाही. त्याच मतदानात पुढचा चॅन्सेलर बहुमताने निवडावा लागतो, तरच आधीचा जातो. हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकात सरकारं पाडायला सगळे एकत्र यायचे, चालवायला कोणी नसायचं, त्या अनुभवावरचा हा उतारा. आपल्याकडे एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं आणि पर्यायी सरकार काही उभं राहिलं नाही, निवडणुका घ्याव्या लागल्या. जर्मनीत तसा खाडा पडत नाही.

संघराज्याच्या इतिहासात हे हत्यार दोनदाच चॅन्सेलरवर उगारलं गेलं. १९७२ मध्ये ब्रांट यांच्याविरुद्ध, ते दोन मतांनी फसलं. १ ऑक्टोबर १९८२ ला कोल २५६ मतांनी निवडून आले. एफडीपीशिवाय (गेन्शर यांचा उदारमतवादी पक्ष) ते अशक्य होतं. म्हणजे जे झालं ते घटनेच्या चौकटीत झालं. त्याला दगा म्हणणं मला पटत नाही.

---

तळटीप

@कलम६७, घटनेत बसतं ते सगळं नीतीत बसतं असं नाही ना!

१९८० च्या निवडणुकीत एफडीपीने मतं मागितली ती श्मिट यांच्याबरोबरचं सरकार पुढे चालवू म्हणून. १०.६ टक्के मिळाली. दोन वर्षांनी त्याच मतांवर कोल! हे फक्त विरोधक म्हणत नव्हते. त्याच पक्षाच्या हिल्डेगार्ड हाम-ब्र्युशर त्या दिवशी संसदेत आपल्या पक्षाच्या निर्णयाविरुद्ध उभ्या राहून बोलल्या. मतदारांचा कौल न घेता असं करू नये, हा त्यांचा मुद्दा. पक्षाचे सरचिटणीस ग्युंटर फरहॉयगन पक्ष सोडून श्मिट यांच्या समाजवादी लोकशाही पक्षात गेले. त्यांच्यासारखे कितीतरी कार्यकर्ते गेले. मार्च १९८३ च्या निवडणुकीत पक्ष सात टक्क्यांवर आला.

डॉर्टमुंडच्या खाणकामगाराच्या घरात याला दगा म्हणत असतील तर मी त्यांना चूक म्हणणार नाही.

---

राईनकाठी

तळटीप यांचा मुद्दा वजनदार आहे. पण १९८२ चं सरकार आतून पोखरलंच होतं, हेही तितकंच खरं. बेकारी वाढत होती, अंदाजपत्रकावरून रोज भांडण. अर्थमंत्री लाम्ब्सडॉर्फ यांचा सप्टेंबरमधला मसुदा म्हणजे उघड फारकतीचा कागद होता. शिवाय क्षेपणास्त्रांचा प्रश्न. सोव्हिएत एसएस-२० ना उत्तर म्हणून अमेरिकी क्षेपणास्त्रं आणायची की नाही, यावर श्मिट यांचा स्वतःचाच पक्ष त्यांच्या मागून सरकत होता. गेन्शर यांच्या दृष्टीने तिथे डगमगणं म्हणजे मॉस्कोशी पुढे बोलण्याची ताकदच घालवणं.

आणि कोल यांच्याकडे गेल्यावर त्यांनी काय केलं? ब्रांट यांनी सुरू केलेलं पूर्वेशी संवादाचं धोरण टिकवलं. ते मोडीत काढावं असं वाटणारे उजवीकडे भरपूर होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये दावोसला ते म्हणाले की गोर्बाचोव यांना गांभीर्याने घ्या, त्यांच्या शब्दावर त्यांना पारखा. वॉशिंग्टनमध्ये "गेन्शरिझम" हा शब्द हेटाळणीने वापरायचे लोक. दोन वर्षांत कोण बरोबर होतं ते दिसलं.

---

सुगरण

अवांतर: त्यांचा तो पिवळा स्वेटर! कोटाच्या आत, टायवर, कायम पिवळा. इथे व्यंगचित्रात नुसता पिवळा स्वेटर आणि मोठे कान काढले की पुरायचं.

---

पेठकर

पिवळा म्हणजे एफडीपीचा रंग ना? निळा-पिवळा.

---

सुगरण

हो. आमच्या आजींनी नातवाला विणलाय तसाच एक.

---

उत्तरध्रुव

क्रोएशियाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून. मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकतेय आणि माझ्या मते गेन्शर यांच्या कारकिर्दीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप १९८२ चा नाही, १९९१ चा आहे.

युगोस्लाव्हिया फुटत होता. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला मान्यता द्यावी यासाठी गेन्शर आग्रही होते. मध्यस्थ लॉर्ड कॅरिंग्टन यांचं म्हणणं, आधी सगळ्यांचा मिळून तोडगा, मग मान्यता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस पेरेझ दे क्वेयार यांनीही डिसेंबरमध्ये गेन्शर यांना पत्र लिहून इशारा दिला की घाई केली तर बोस्नियात भडका उडेल. तरीही २३ डिसेंबर १९९१ ला जर्मनीने युरोपातल्या भागीदारांच्या आधी मान्यता दिली. बाकीच्यांनी जानेवारीत दिली. एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियात युद्ध पेटलं.

---

जुनाजाणता

उत्तरध्रुव, तारखांचा क्रम बरोबर. पण त्यातून कारण सिद्ध होत नाही. क्रोएशियातलं वुकोवार नोव्हेंबरातच बेचिराख झालं होतं, दुब्रोव्हनिकवर तोफा चालू होत्या. मान्यता नव्हती तेव्हाही माणसं मरतच होती. बोस्नियातलं युद्ध ज्यांनी केलं त्यांनी ते जर्मनीच्या पत्राची वाट बघून केलं नाही.

---

उत्तरध्रुव

युद्धाचा दोष मी त्यांच्यावर टाकत नाहीये. पण मान्यता हे हातातलं एकमेव वजन होतं, ते आधीच खर्च झालं. जो माणूस अठरा वर्षं "सगळ्यांना बरोबर घेऊन" म्हणत राहिला, त्याने नेमकं इथे एकट्याने पाऊल टाकलं, याचं मला वाईट वाटतं.

---

तळटीप

यावर मात्र उत्तरध्रुवशी +१.

---

बटाटावडा

युक्रेन युद्धापासून समाजमाध्यमांवर गेन्शर यांची एक जुनी चित्रफीत फिरते, नाटो पूर्वेकडे वाढणार नाही म्हणणारी. त्यात किती तथ्य?

---

राईनकाठी

ते तसं बोलले होते, हे खरं. जानेवारी १९९० च्या अखेरीला टुट्सिंगच्या भाषणातही तो विचार होता. पण वाटाघाटी चालू असतानाची भूमिका वेगळी आणि सही झालेला करार वेगळा. दोन अधिक चार करारात पूर्व जर्मनीच्या भूभागावर परकी फौजा आणि अण्वस्त्रं ठेवणार नाही, एवढंच बंधन आहे. पोलंड, हंगेरी यांच्याबद्दल त्यात ओळही नाही. आणि तेव्हा वॉर्सा करार अजून अस्तित्वात होता, हे आज त्या चित्रफिती पाठवणारे विसरतात. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

---

पेठकर

त्यांनी पद सोडलं ते १९९२ मध्ये स्वतःहून ना? असं सोडणारे किती?

---

राईनकाठी

हो, मे १९९२. कोणी मागितलं नव्हतं. पण काम थांबलं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये रशियाच्या तुरुंगातून तिथले बडे उद्योगपती आणि सरकारचे विरोधक मिखाईल खोदोरकोव्स्की सुटून बर्लिनला उतरले, तेव्हा विमानतळावर घ्यायला गेन्शर उभे होते. त्या सुटकेसाठी ते पडद्यामागे कितीतरी दिवस खटपट करत होते. वय ८६. ३१ मार्च २०१६ ला गेले.

---

मुक्कामपोस्ट

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दोन दिवस सगळं वाचून काढलं आणि आज जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याला बरंचसं सांगितलं. अनुस्वार यांचा वेंडेचा मुद्दा त्याला फारच पटला. सुगरण ताईंच्या आजींची गोष्ट ऐकताना तो खायचा थांबला.

मग म्हणाला, "श्मिट गेले त्या रात्री माझ्या बापाने रेडिओ बंद केला आणि कोणाशी बोलला नाही. प्रागच्या रात्री तोच टीव्हीसमोरून उठला नाही. मला म्हणाला, त्या माणसाला मी मत देणार नाही, पण आज तो आमच्या वतीने उभा आहे."

सुगरण ताई, एक विचारायचं राहिलं. आजींना १९८२ बद्दल काय वाटतं?

---

सुगरण

विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही चोरून पश्चिमेचा टीव्ही बघायचो, त्यात श्मिट गेले ते पाहिलं. वाईट वाटलं, कारण श्मिट आवडायचे. पण सगळ्यात जास्त आश्चर्य याचं वाटलं की सरकार बदललं, आणि दुसऱ्या दिवशी कोणालाच अटक झाली नाही.

आणि किल्लीचं: १९९० मध्ये त्या परत गेल्या तेव्हा घर दुसऱ्याला दिलेलं होतं, कुलूपही बदललेलं. किल्ली अजून स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी खिळ्याला आहे. इकडे आलात तर सहकाऱ्यालाही घेऊन या. हॅले इथून गाडीने अर्ध्या तासावर आहे, आजी म्हणाल्या आपण सगळेच जाऊ.